साडेसहानंतरची शाळा

२०१७ च्या मे महिन्यात रात्रशाळांबद्दल शासनाचा एक निर्णय आला आणि मला मनातून बरं वाटलं. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसऱ्या शाळेत अशी दुबार नोकरी करणारे शिक्षक त्या निर्णयाने रात्रशाळांतून बाजूला झाले. शिक्षकांच्या खोलीत चहा घेता घेता मी म्हणालो, "बरं झालं. दोन-दोन पगारांची चैन संपली." कुणीतरी विचारलं, "आणि मुलांना शिकवणार कोण?" त्यावर मी म्हणालो, "मुलं? ती काय मुलं आहेत?"

दोघेतिघे हसले. तेव्हा हसू आलं याचं मला समाधानही वाटलं होतं.

मी गणित आणि विज्ञान शिकवायचो. आमची शाळा परळ भागातली, एकाच इमारतीत दोन शाळा. संध्याकाळी आम्ही वर्ग सोडायचो आणि साडेसहाला त्याच बाकांवर रात्रशाळा भरायची. या भागाला रात्रशाळा नव्या नाहीत. गिरणीत पाळी करणारे, खानावळीत जेवून गाळ्यात झोपणारे कोकणातले पोरगे, हॉटेलात टेबलं पुसणारे, सगळे इथेच शिकले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक घरांतल्या पोरांनी दिवसाची शाळा सोडून रात्रीची धरली. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही रात्रीची माणसं ही माझ्या लेखी आमची बाकं खराब करणारी, फळ्यावर काहीतरी अर्धवट लिहून ठेवणारी आणि कशीबशी दहावी पदरात पाडून घेणारी मंडळी होती.

माझ्या मताला पुरावे नव्हते असं नाही. हजेरीपटावर नावं भरपूर आणि वर्गात माणसं मोजकी, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बहिःस्थ परीक्षार्थींच्या, म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरून बसणाऱ्यांच्या केंद्रावर काय काय चालतं, तेही पर्यवेक्षक म्हणून पाहिलं होतं. यातलं बरंचसं खरं होतं आणि आजही आहे. मात्र दिवसाच्या शाळेतली कॉपी पाहून शाळा बंद करा असं मी कधी म्हटलं नव्हतं. तो निकष फक्त रात्रीला लावत होतो.

सगळ्यात हक्काचा पुरावा मात्र घरचा होता. माझी आत्या. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि मग ती राज्यभर गेली. गावंच्या गावं साक्षर व्हायची आणि मग ग्रामगौरव समारंभ व्हायचा. आमचं गाव त्याच जिल्ह्यातलं. आत्या त्या मोहिमेत वाचायला शिकली होती असं घरात सांगायचे. मला कळू लागलं तेव्हा ती पुन्हा अंगठाच लावत होती. शिक्षकांच्या खोलीत प्रौढशिक्षणाचा विषय निघाला की मी आत्याला साक्षीला उभी करायचो. "शिकतात, समारंभ होतो, विसरतात. तेवढे पैसे पोरांवर खर्च करा." मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी, योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, पाठीला दप्तर लावलेल्या आज्यांचे फोटो सगळीकडे आले. मी म्हणालो, फोटो चांगला आहे.

मग २०१७ च्या जूनमध्ये, त्या निर्णयानंतर, रात्रशाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले. गणिताला कुणीच उरलं नव्हतं. "नवीन माणूस मिळेपर्यंत या सर. मानधन देता येणार नाही." मी हो का म्हणालो? उदारपणे नाही. आमच्या दोन्ही शाळांची संस्था एकच, आणि पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव चर्चेत होतं. नकार वाईट दिसला असता. एवढंच कारण.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला प्रवेशाचे कागद तपासायला बसवलं. जुने शाळा सोडल्याचे दाखले. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात 'पालकांच्या विनंतीवरून' नाहीतर 'सतत गैरहजर', एवढंच. वडील वारले, धाकट्यांना सांभाळायला कुणी नाही, लग्न ठरलं, कामाला लावलं, यातलं काही कुठल्याच दाखल्यावर नाही. हा रकाना आम्ही वर्गशिक्षक भरतो. मीही वर्षानुवर्षं भरला होता. 'सतत गैरहजर' लिहिताना तो का गैरहजर आहे हे विचारायला मी किती घरी गेलो? एक-दोन घरं आठवतात. त्याहून जास्त आठवत नाहीत.

तरीही तिथे मत बदललं असं म्हणणार नाही. थोडं टोचलं आणि सवयीने विसरलो. वर्गावर मी वेळेवर जायचो, सूत्र लिहायचो, दोन उदाहरणं सोडवायचो, निघायचो. समोर सतरा-अठरा वर्षांची काही मुलं, दोन-तीन तिशीतले पुरुष आणि एक चाळिशीकडे झुकलेल्या ताई. त्या सकाळी स्टेशनजवळ पोहे, उपमा आणि शिरा विकायच्या. त्यांची मुलगी माझ्याच दिवसाच्या वर्गात नववीला होती. तिने मला एकदा बाजूला गाठून सांगितलं, "सर, आई रात्री येते ते वर्गात सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत. तिची लाज मला अगदी योग्य वाटली, हे आता लिहिताना जड जातं.

एके दिवशी आठवीला चक्रवाढ व्याज होतं. आधी सरळ व्याजाची उजळणी घेतली. मुद्दल, दर, मुदत. फळ्यावर नेहमीचं उदाहरण लिहिलं, एका शेतकऱ्याने सावकाराकडून अमुक रुपये घेतले वगैरे. पोह्यांच्या गाडीवाल्या ताईंनी हात वर केला. त्या एरवी बोलायच्या नाहीत.

"सर, माझं गणित घालू का?"

घाला म्हटलं.

"मी दहा हजार घेते. हातात नऊ देतो तो, हजार आधीच कापून. मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. दर किती पडला?"

मला आनंद झाला. जिवंत उदाहरण! हातात आलेले नऊ हजार हे मुद्दल, व्याज एक हजार, मुदत शंभर दिवस. फळ्यावर मांडलं, वर्षाचा हिशोब केला, उत्तर चाळीस टक्क्यांच्या थोडं वर आलं. खाली दोन रेघा मारल्या. बँका किती घेतात आणि हा किती घेतो, यावर दोन वाक्यं बोललो. खडू ठेवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण सर, पन्नासाव्या दिवशी माझ्याकडे त्याचे नऊ हजार कुठे असतात? निम्मे तर मी फेडलेले असतात. मग शंभर दिवस नऊ हजारच का धरले तुम्ही?"

मी फळ्याकडे पाहिलं. प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चूक होतं. आणि मला पटकन बरोबर उत्तर येत नव्हतं.

इथे जरा थांबतो, कारण पुढची दोन-तीन मिनिटं मी मनात पुष्कळदा घोळवली आहेत. पहिला विचार काय आला? की हे अभ्यासक्रमात नाही असं सांगावं. तोंडापर्यंत वाक्य आलंही होतं, "ते पुढे येतं तुम्हाला." दिवसाच्या वर्गात मी असं शेकडो वेळा म्हटलं असेल आणि मुलं गप्प बसली आहेत. पण समोरची बाई रोज संध्याकाळी त्या माणसाच्या हातावर शंभराची नोट ठेवत होती. तिच्यासाठी 'पुढे' म्हणजे उद्या होतं. मला ते वाक्य बोलवेना. मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. मला विचार करू दे."

मागच्या बाकावर एका कँटीनमध्ये काम करणारा मुलगा बसायचा. तो म्हणाला, "सर, सरासरी काढा ना." सरासरी आम्ही आधीच्या आठवड्यात केली होती. पहिल्या दिवशी नऊ हजार अंगावर, शेवटच्या दिवशी काहीच नाही, मध्ये रोज थोडं थोडं कमी होत जाणारं. म्हणजे शंभर दिवसांत सरासरी साधारण साडेचार हजार तिच्याकडे राहिले. त्यावर हजार रुपये व्याज. दर एका झटक्यात दुप्पट झाला. वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या आसपास. बारकाईने करायला गेलं तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, ते मी घरी जाऊन रात्री बसून केलं. पण वर्गाने काढलेली रीत पक्की होती, आणि ती मी काढलेली नव्हती.

मग वर्गात नुसता गलका. एकाने मोबाईल हप्त्यावर घेतला होता, 'शून्य टक्के व्याज' म्हणून. त्याने प्रोसेसिंग फी आणि सुटलेली रोख सवलत सांगितली. ती धरल्यावर शून्य काही शून्य राहिलं नाही. एकाची भिशी होती, बोली लावून उचलायची. एकाने बहिणीच्या लग्नासाठी दागिने गहाण टाकले होते. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. साडेनऊ वाजून गेले, खाली शिपाई चाव्या वाजवायला लागला, तरी कुणी उठेना. मीही उठेना.

त्या रात्री परळच्या पुलावरून चालत जाताना मी स्वतःला जे विचारलं ते काही भारी नव्हतं. माझ्या स्वतःच्या घराचं कर्ज होतं. घटत्या शिल्लक रकमेवरच्या व्याजाचं पत्रक बँक मला दरवर्षी पाठवायची. ते मी फाईलला लावून ठेवायचो. आणि सावकाराचं गणित इतकी वर्षं शिकवताना, हप्त्याने फेडणाऱ्याला तेच सूत्र कसं फसवतं हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. का आलं नव्हतं? कारण दिवसाच्या वर्गात पैसे फेडणारं कुणी बसलेलंच नव्हतं. मुलांना उत्तर पुस्तकाच्या मागे सापडायचं आणि मलाही.

माझ्या तिरस्कारामागे काय होतं ते मला तेव्हा दिसू लागलं. मी म्हणायचो, यांचं शिकायचं वय गेलं. खरी गोष्ट अशी की त्या वयाच्या माणसांसमोर उभं राहायची मला भीती होती. तेरा वर्षांच्या मुलाला गप्प करता येतं. चाळीस वर्षांची बाई, जी रोज पहाटे चारला उठून पोहे भिजवते आणि गल्ल्याचा हिशोब तोंडी करते, ती गप्प बसेलच असं नाही. हुशारीचा आव मी मुलांपुढे आणत होतो आणि तो टिकावा म्हणून मोठ्यांना कमी लेखत होतो.

पुढे काही महिन्यांनी त्या ताईंनी सहज बोलता बोलता मला आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगी सातवीत असताना पालकसभेत मी त्यांना म्हणालो होतो, "घरी गणिताचा अभ्यास घेत जा." त्या म्हणाल्या होत्या, "सर, मी स्वतःच सातवी." त्यावर मी म्हणालो होतो, "मग जाऊ द्या." मला हे अजिबात आठवत नाही. त्यांना सभेचा वार आठवत होता. रागाने नाही सांगितलं त्यांनी, उलट हसत सांगितलं, आणि मी चहाचा कप कुठे ठेवावा ते शोधत राहिलो.

आत्याची साक्षही मग उलटली. ती विसरली हे खरं. पण तिच्या हातात वाचायला काय होतं? गावात वर्तमानपत्र यायचं ते एखाद्या घरी. आमच्या घरात छापील म्हणावं असं पंचांग, आणि मुंबईहून येणारी माझ्या वडिलांची पत्रं. पत्र आलं की आम्ही पोरं ते हिसकावून मोठ्याने वाचायचो, कोण आधी वाचतो याची चढाओढ. आत्या चुलीपाशी बसून ऐकायची. कुणीही कधी म्हटलं नाही की आज तू वाच. तिचं वाचणं आम्हीच वाचून टाकलं आणि पुढे मीच सांगत सुटलो की प्रौढांना शिकवून उपयोग नसतो. फांगण्याच्या आज्यांनी म्हणे पोथी स्वतः वाचता यावी म्हणून शाळा मागितली होती. हे वाचलं तेव्हा मला फोटोवरची माझी टिप्पणी आठवली.

आमच्या शाळेच्या सभागृहात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या तसबिरी आहेत. ३ जानेवारी आणि ११ एप्रिलला भाषण बहुतेक माझंच असायचं. १८४८, भिडे वाडा, मुलींची शाळा, हे सगळं मुखोद्गत. त्याच दोघांनी १८५५ मध्ये आपल्या घरात शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, हे माझ्या एकाही भाषणात आलं नाही. माहीत होतं. आमच्याच इमारतीत साडेसहाला जे भरतं त्याचा धागा तिथपर्यंत जातो, हे बोलून दाखवणं सोयीचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लगेच करता आली. प्रयोगशाळेची चावी माझ्याकडे असायची. रात्रशाळेने ती पूर्वी दोनदा-तीनदा मागितली होती आणि मी तुटफुटीचं कारण सांगून नाही म्हटलं होतं. रात्रीची मुलं आम्ल आणि आम्लारी फळ्यावरच शिकायची, तीही आमच्या कुलूपबंद दारापासून दहा पावलांवर. मुंबईत अनेक रात्रशाळांची हीच गत आहे. निकिता केतकर यांच्या 'मासूम' संस्थेने २००८ पासून रात्रशाळांसाठी जे काम उभं केलं, त्यात फिरती प्रयोगशाळाही आहे, आणि उपाशीपोटी कामावरून थेट येणाऱ्यांसाठी खाणंही. शाळेत प्रयोगशाळा असताना बाहेरून गाडी का आणावी लागते, याचं उत्तर माझ्यासारख्यांच्या खिशात होतं. मी चावी दिली. पहिल्याच महिन्यात दोन परीक्षानळ्या फुटल्या. दिवसाच्या वर्गात दर आठवड्याला फुटतात.

ताई २०२० च्या मार्चमध्ये दहावीला बसल्या. तेवीस मार्चचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला आणि पुढे त्याचे गुण सरासरीने दिले गेले. "सरासरीने शेवटपर्यंत साथ दिली," असं त्या फोनवर म्हणाल्या. जुलैअखेर निकाल लागला, पास झाल्या. गणितात फार नाही, पण सुटल्या. तोवर स्टेशन ओस पडलं होतं आणि गाडी बंद होती.

इथे मला कुणी गैरसमज करून घेऊ नये असं वाटतं. दहावी झाल्याने त्यांचं आयुष्य पालटलं नाही. चक्रवाढ व्याजाच्या त्या तासानंतरही त्यांनी त्या माणसाकडून रोजचं कर्ज पुन्हा घेतलं होतं. मी जरा नाराजीनेच विचारलं तेव्हा म्हणाल्या, "किती घेतो ते आता कळतं सर. पण दुसरं देतो कोण?" मी निरुत्तर. शिकणं म्हणजे सुटका, हे माझं नवं खूळही त्यांनी तिथेच मोडलं. त्या उन्हाळ्यात फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आली, दहा हजारांचं कर्ज, वर्षभराचे मासिक हप्ते, व्याजात सात टक्के अनुदान. तेव्हा शिफारसपत्रापासून सगळे कागद त्यांनी स्वतः जमवले. मला व्हॉट्सॲपवर अर्जाचा फोटो पाठवला, नुसता बघून घ्या म्हणून. कागदाच्या कडेला पेन्सिलीने बारा हप्त्यांचा घटत्या शिलकीचा हिशोब मांडलेला होता. बरोबर होता.

मी बदललो, पण शूर झालो असंही नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमासाठी निरक्षरांचं सर्वेक्षण शिक्षकांनी करायचं ठरलं आणि संघटनांनी बहिष्कार टाकला. त्या बैठकीला मी होतो. निवडणूक, जनगणना, खिचडी आणि वर हेही, हा संताप मला पटत होता आणि अजूनही पटतो. शिक्षकाला वर्गातून उठवून दारोदार पाठवणं चूकच. पण बोलता बोलता एकजण म्हणाला, "म्हाताऱ्यांना क ख ग शिकवून काय मिळणार आहे?" खोलीत दोघेतिघे हसले. मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. चहा संपवला आणि सहीच्या कागदावर सही केली. पुढच्या वर्षी १७ मार्चला त्या कार्यक्रमाची परीक्षा झाली. दीडशे गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशा तीन भागांत. आमच्या केंद्रावर एक आजी नातसुनेला बाहेर उभी करून आत आल्या आणि पर्यवेक्षकाने पेन पुढे केलं तर म्हणाल्या, "आणलाय मी."

आता मी निवृत्त आहे. रात्रशाळेला गणिताला नवा माणूस मिळाला. मी गुरुवारी प्रयोगांचा तास घेतो. परवा कळलं की दिवसाच्या शाळेत माझ्या जागी आलेल्या सरांनी चावी द्यायला खळखळ केली आहे. तुटफूट झाली तर जबाबदार कोण, रसायनं मोजून कोण घेणार, आणि ही काय लहान मुलं आहेत का. त्यांचं प्रत्येक वाक्य मला पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत पाठ होतं. त्यांच्याशी वाद घातला नाही. मलाही पूर्वी कुणी चांगल्या शब्दांत सांगून पाहिलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. एवढंच म्हणालो, "या गुरुवारी साडेसातला थोडा वेळ वर्गात येऊन बसा." ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बघतो सर, जमलं तर."